रिकाम्या कॅबिनमधला पाय

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलोय आणि अजूनही हसतो. तेव्हा 'म्हातारा झाला, आता याचा विश्वास बसायला लागला' असं कुणी समजू नये. मी धंद्यानं ब्रेकवाला. आधी लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, नंतर साताऱ्यात स्वतःच्या गॅरेजात — उभा जन्म ट्रकच्या खाली आडवा पडून काढला. ब्रेक लागत नाही म्हणजे कुठंतरी ऑईल गळतंय, नळीत हवा शिरलीय, नाहीतर लायनर घासून गेलेत. 'करणी' नावाचा पार्ट मला कुठल्याच दुकानात मिळाला नाही, आणि 'बाधा झाली' म्हणून कुठली गाडी माझ्याकडं आली तर ती मी संध्याकाळपर्यंत बरी करून पाठवलेली आहे... पाना आणि रॉकेल वापरून.

या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी नेमानं वाचतो. निम्म्या गोष्टींत मला कारण लगेच दिसतं आणि मी ते मोठ्यानं घरात सांगतो. परवा सून वैतागून म्हणाली, "मामा, सगळ्यांच्या गोष्टीतलं कारण सांगता, मग तुमच्या पेडलच्या गोष्टीतलं सांगा की." आता आली का पंचाईत! म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. जशी घडली तशी लिहितोय, तिखट-मीठ लावलेलं नाही.

आणीबाणीच्या काळातला उन्हाळा होता. माझं गॅरेज साताऱ्यात, पुणे-बंगलोर रस्त्याच्या अगदी कडेला. पत्र्याची शेड, पुढं दोन ट्रक उभे राहतील एवढी मोकळी जागा, आणि रस्त्यापलीकडं चहा-भज्यांचं हॉटेल. आता साताऱ्याहून पुण्याला जाताना तुम्ही खंबाटकीच्या बोगद्यातून सुळकन पलीकडं निघता. तेव्हा बोगदा नव्हता. घाट चढायचा आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अंगाला वळणं घेत घेत उतरायचं. सांगली-कोल्हापूरकडून गूळ, हळद, सूत भरून मुंबईला निघालेले ड्रायव्हर घाटाच्या आधी माझ्याकडं ब्रेक दाखवून जायचे. माझा हात लागला की निम्मी चिंता मिटली, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं — उगाच खोटी नम्रता कशाला?

अजून एक गोष्ट ठाऊक असायला हवी. त्या वेळच्या ट्रकला ब्रेकची एकच लाईन असायची. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑईल एकाच वाटेनं निघून चारी चाकांकडं जायचं. मध्ये कुठंही नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक एकदम गेले. उरला हँडब्रेक, तो भरल्या गाडीला उतारावर कितपत पुरायचा ते ड्रायव्हरला आणि त्याच्या कुलदैवताला माहीत.

माझी धाकटी बहीण शकू सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. दाजी माणूस लाखात एक, पण गाडीच्या बाबतीत भलतेच बिनधास्त. "पाव्हणं, गाडी चाकावर चालत्या, ब्रेकवर न्हवं," हे त्यांचं आवडतं वाक्य. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं आणि माझं डोकं फिरलेलं बघून त्यांना आणखी चेव यायचा. शकूला मात्र त्यात गंमत वाटत नव्हती. त्यांच्या चाळीतल्या एका ड्रायव्हरची गाडी आदल्या वर्षी घाटात गेली होती. त्याची बायको रोज डोळ्यांसमोर. शकूच्या पदरात एक लेक होती आणि त्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले होते. तिनं दाजींना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती — "दादानं पेडल बगितल्याबिगर घाट उतरायचा न्हाई." आणि मला म्हणाली होती, "दादा, ह्यांचं काय न्हाई मी ऐकत. मी तुज्यावर सोडलंय."

म्हणजे दाजींचा जीव माझ्या पान्यावर. दुसऱ्या कुणाच्या गाडीत काही राहिलं असतं तर मी सगळ्या जगाला तोंड दिलं असतं. शकूला कुठल्या तोंडानं तोंड देणार होतो?

त्या दिवशी दाजी सकाळी सांगलीहून हळद भरून निघाले आणि जेवणाच्या वेळेला माझ्या दारात आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "पाव्हणं, पेडल जरा खाली बसतंय. दोनदा मारलं की मग धरतंय."

"जरा म्हंजी किती?"

"जरा म्हंजी जरा! तुमी बगा, मी भाकरी खाऊन घेतो. च्या लावून देतो तुमाला." असं म्हणून क्लिनरला घेऊन ते रस्ता ओलांडून हॉटेलात गेले. शकूनं बांधून दिलेली भाकरी आणि वर हॉटेलातला लाल रस्सा, हा त्यांचा ठरलेला बेत असे.

मी गाडीला दगड लावले आणि मागचं डावं चाक उघडलं. आत ड्रममध्ये ऑईल उतरलेलं. चाकातल्या छोट्या सिलिंडरचे रबरी कप फुगून निकामी झालेले. चोर पहिल्याच घरात सापडला म्हणून मी खूश. कप बदलले, सगळं पुसून-धुऊन चाक बसवलं. आता राहिली हवा काढायची.

ब्रेकच्या नळीतली हवा काढणं हे दोघांचं काम आहे. एकजण कॅबिनमध्ये बसतो, दुसरा चाकाशी खाली पडतो. खालच्यानं ओरडायचं "मार!" — वरच्यानं पेडल तीन-चारदा मारायचं. खालचा म्हणतो "धर!" — वरच्यानं पाय दाबून धरायचा. मग खालचा चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, ढिला करतो, ऑईलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, तो निपल आवळतो आणि "सोड!" म्हणतो. बुडबुडे संपेस्तोवर हेच. आणि वरच्यानं प्रत्येक वेळी तोंडानं जाब द्यायचा — "धरलं!" "सोडलं!" कारण खाली पडलेल्याला वरचा दिसत नसतो. हा नियम मी लष्करातून आणलेला, आणि गॅरेजात तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

वर बसायला माझा जोडीदार शिरपा होता. चाळिशीचा गडी, तालमीत वाढलेला, पाय असा की एखाद्या दिवशी पेडल वाकवील. त्याला एकच गोष्ट जमत नसे, ती म्हणजे गप्प बसणं. "धरलं!" म्हणताना सुद्धा तो पुढं काहीतरी जोडायचा — "धरलं, मालक! लवकर करा, पाय माजा हाय, वडाचा बुंदा न्हवं!"

आम्ही रीतीप्रमाणं लांबच्या चाकापासून सुरुवात केली आणि एकेक करत ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाशी येऊन थांबलो. शेवटचे बुडबुडे संपले, मी निपल आवळला आणि म्हणालो, "झालं!"

"झालं तर झालं," वरून आवाज आला.

पण माझं मन त्या मागच्या डाव्या चाकाशी अडकलेलं. नवीन कप घातले की एखादा बुडबुडा तिथं दडून बसतो, हा माझा अनुभव. म्हणून मी बाहेर आलोच नाही. चॅसीच्या खालूनच सरपटत मागं गेलो, पुन्हा निपलला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक ऑईलच्या बाटलीत सोडलं आणि ओरडलो, "मार!"

पेडल बसलं. कुचुक... कुचुक... कुचुक. खालून तो आवाज स्पष्ट ऐकू येतो.

"धर!"

जाब आला नाही. पण पेडल धरलेलं होतं, कारण निपल ढिला करताच ऑईल जोरात आलं आणि बाटलीत दोन बारीक बुडबुडे उठले. मनात म्हटलं, बघा, शंका खरी निघाली! आवळलं. "सोड!"

खट्. स्प्रिंगनं पेडल वर आल्याचा आवाज. तोंडानं मात्र काही नाही. मला वाटलं, लेकानं तंबाखूचा बार भरलाय. पुन्हा मार, पुन्हा धर, पुन्हा सोड. आता बुडबुडा नाही, स्वच्छ ऑईल. मग मी निपल घट्ट आवळून टाकला आणि शेवटचं, ताकद बघायला म्हणून, म्हणालो, "मार! ...आन् धर!"

पेडल दगडासारखं टणक लागलं असणार, हे मला खालून नळीवर हात ठेवून कळलं. झकास काम. "सोड!"

खट् झालं नाही.

"आरं, सोड की!"

काही नाही.

"शिरप्या! तंबाकू गिळलीस काय रं?"

हूं नाही की चूं नाही. माझा पारा चढला. जाब द्यायचा नियम मोडला तो मोडला, वर ही थट्टा. मी पाना हातात घेऊनच बाहेर आलो, कॅबिनच्या दाराशी गेलो, आणि तोंडात आलेली शिवी तशीच तोंडात राहिली. कॅबिनमध्ये कुणी नव्हतं.

भर दुपार होती. समोरच्या काचेतून ऊन सीटवर पडलेलं. दाजींचा टॉवेल, देवाच्या फोटोला वाळलेला हार, पाण्याची तांब्याची कळशी — सगळं जागच्या जागी. आणि ब्रेकचं पेडल... दाबलेलं. निम्म्यावर. त्याच्यावर पाय नाही, वीट नाही, काठी नाही, काही नाही.

भीती वाटली का? खरं सांगतो, वाटायला वेळच मिळाला नाही. कारण त्या क्षणी माझ्यातल्या ब्रेकवाल्याला दुसरंच काहीतरी दिसलं. पेडल स्थिर नव्हतं. ते खाली चाललं होतं. अगदी सावकाश, ओल्या मातीत टाच रुतत जावी तसं. आता बघा — लाईन बंद असेल, हवा नसेल, तर दाबून धरलेलं पेडल जागचं हलता कामा नये. ते खाली जातंय म्हणजे ऑईल कुठंतरी बाहेर जातंय. आणि मी तर चारी चाकं स्वतःच्या हातानं आवळून आलो होतो!

तेव्हा मी जे केलं ते शहाण्या माणसानं केलं नसतं. मी त्या रिकाम्या कॅबिनमध्ये ओरडलो, "धर! सोडू नको!" — आणि परत गाडीखाली घुसलो.

टॉर्च घेऊन चारी चाकं बघितली. कोरडी. मग मास्टर सिलिंडरपासून नळीवर बोट ठेवून मागं मागं निघालो. तोंडानं माझं चालूच होतं, "धर... धर तसंच..." गाडीच्या मधोमध, जिथं नळी चॅसीच्या आतल्या अंगानं मागं जाते, तिथं तिला एक पत्र्याची क्लिप असते. त्या जागी चिखल आणि ग्रीसचा हा थर बसलेला. त्यावरून बोट गेलं आणि ओलं झालं. चाकूनं थर खरवडला. क्लिप सैल होती आणि तिच्या पाठीमागून ऑईलचा एक थेंब बाहेर आला. गळून पडला. दुसरा आला. माझ्या डोळ्यांदेखत थेंबाची बारीक धार झाली.

आमच्या धंद्यात त्या वेळी रीत अशी होती की पेडल दोनदा मारून बघायचं, टणक लागलं की गाडी रवाना. दाबून धरून बसायला कुणाला सवड होती? तेव्हा ही गळती मला काय, कुणालाच सापडली नसती. पेडल टणकच लागलं असतं. दाजी माझ्या नावानं निर्धास्त होऊन घाट चढले असते आणि उतरताना — जिथं पाय दाबूनच ठेवावा लागतो, पाठीमागं हळदीच्या पोत्यांचं ओझं ढकलत असतं — तिथं ती नळी फुटली असती.

मी बाहेर आलो. आता मात्र अंगावर काटा उभा राहिला. पेडल जवळजवळ तळाला टेकलेलं, तरी दाबलेलंच होतं. मी दाराशी उभा राहिलो. शिरपाशी ज्या आवाजात बोलतो तो आवाज निघेना. हात जोडावेत की काय तेही कळेना... शेवटी म्हणालो, "बास. सोडा आता."

आणि पेडल वर आलं. इथं ब्रेकचं काम करणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावं. स्प्रिंगनं पेडल वर येतं तेव्हा ते उडतं, खट् करून. हे उडालं नाही. दमलेल्या माणसानं हळूहळू पाय उचलावा तसं ते वर आलं, आणि थांबलं.

तेवढ्यात शिरपा रस्ता ओलांडून आला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप. मागून दाजी आणि क्लिनर, दात कोरत.

"कवा गेलास तू?" मी विचारलं.

"आवं, तुमी 'झालं' म्हणालासा न्हवं का? तवाच उतरलो की! दाजींच्या पुढ्यातली एक भाकरी पण खाल्ली. का? काय झालं?"

मी आधी नळी सोडवली. क्लिपच्या आतल्या बाजूनं ती चॅसीवर घासून घासून कागदासारखी पातळ झाली होती. बाहेरून बघाल तर अगदी धडधाकट. दाजींच्या समोर मी ती दोन बोटांत धरून जरा वाकवली. मोडली.

दाजींच्या तोंडातली काडी खाली पडली. नळीचे दोन तुकडे त्यांनी हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. "पाव्हणं, ही खंबाटकीत गेली असती."

"गेली असती."

मग ते चाकाला लावलेल्या दगडावर बसले. चाकावर चालणाऱ्या गाडीचा विनोद त्यांनी त्या दिवशी केला नाही. पुढंही कधी केला नाही. नवी नळी वाकवून बसवताना मी त्यांना आणि शिरपाला काय घडलं ते सांगितलं. शिरपानं तालमीतल्या मारुतीची शपथ घेतली की तो कॅबिनच्या आसपासही नव्हता. हॉटेलवालाही म्हणाला, हा पैलवान तर केव्हाचा इथं भाकऱ्या चेपत बसलाय. दाजी म्हणाले एवढंच — "शकूला सांगू नगा. ती गाडीवर बसू द्यायची न्हाई मला."

"न्हाई सांगत."

पुन्हा हवा काढली. या वेळी शिरपा प्रत्येक "धरलं!" इतक्या मोठ्यानं ओरडत होता की रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघायची. मग मी स्वतः कॅबिनमध्ये बसलो आणि एक बिडी संपेपर्यंत पेडल दाबून धरलं. केसभर हललं नाही. तेव्हापासून माझ्या गॅरेजातून एकही गाडी बिडीभर पाय धरल्याशिवाय बाहेर पडली नाही. मी बिडी सोडली, पण ही रीत सोडली नाही. दाजी घाट उतरून सुखरूप मुंबईला गेले.

आता गोष्ट पसरायची ती पसरली, आणि जो तो आपापलं भूत घेऊन माझ्या दारात. हॉटेलवाला म्हणाला, या जागेत पूर्वी कुणीतरी मेलंय. म्हटलं, बाबा, साताऱ्यात कोणत्या जागेत कुणी मेलेलं नाही? शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, गाडीलाच काहीतरी आहे. गाडी कोरी असल्यापासून दाजींच्याच हातात होती, तिच्याखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. एकानं उतारा टाकायला लिंबं आणून दिली. उन्हाचे दिवस होते, आम्ही सरबत केलं. शहाणे लोक म्हणाले, पेडल अडकलं असेल. अडकलेलं पेडल सांगितल्यावर मारतं का? अडकलेलं पेडल आणखी खाली जातं का? तरी मी पेडलची पिन, बूश, स्प्रिंग सगळं उघडून बघितलं. सगळं ठणठणीत. थोडक्यात काय, माझ्याकडं एक पाय होता आणि त्याला मालक नव्हता. मी म्हटलं, ज्याचा असेल त्याचा असो, त्याचं भलं होवो. आणि कामाला लागलो.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती विसरूनही गेलो असतो. पण दिवाळी आली.

भाऊबीजेला मी माधवनगरला गेलो. शकूच्या मांडीवर तान्हा मुलगा, अंगावर नवीकोरी निळी साडी. ओवाळून झालं, फराळाला बसलो, दाजी शेजारी. तेवढ्यात शेजारची सोनामावशी करंज्या घेऊन आली आणि बसता बसता सहज म्हणाली, "काय गं शके, पाय परत न्हाई न्हवं आकडला?"

"कसला पाय?" मी विचारलं.

"आरं काय न्हाई दादा," शकू हसली. "उन्हाळ्यात एकदा वात का काय आलता. मी, मावशी आन् तिची सून, शेवया घालत बसलेलो. मी जरा उठून हुबी ऱ्हायले, तर उजवा पाय आपला आपणच आपटाय लागला. खाली-वर, खाली-वर. ह्या दोघी हसत्यात! मग एकदा खाली दाबला तो दाबलाच. टाच उचलंना. कोण खेचतंय म्हणावं, तर तसं न्हाई... माजाच पाय जोर लावून भुईला रेटत व्हता."

"मी घाबरले की," मावशी म्हणाली. "पोटुशी बाई. तेल चोळलं, आमी दोघींनी पोटरीला धरून वढला. हालंल तर शपथ!"

"मग?"

"मग काय न्हाई. आपला आपण आला वर. हळूच. लय दमले व्हते मी त्या दिवशी."

मी दाजींकडं बघितलं. त्यांच्या हातातला लाडू हातातच होता.

"कवाची गोष्ट ही?" त्यांनी विचारलं.

"आवं, तुमी हळद घिऊन गेला त्या दिवशीची. आन् येताना मुंबईस्नं ही निळी साडी आणलीसा न्हवं का, कवा न्हाई ते! सणाला नेसायची म्हणून ठेवल्याली. मी म्हटलं बी मावशीला, पाय दुकला पर साडी आली."

ती साडी दाजींनी का आणली हे त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. नळीचे ते दोन तुकडे खिशात घालून मुंबईला गेलेल्या माणसानं ती आणली होती. वेळ घड्याळ लावून कुणी बघितली नव्हती, पण दिवस तोच. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी शकूला सगळं सांगितलं — रिकामी कॅबिन, दाबलेलं पेडल, गळणारी नळी, सगळं. मावशीनं हात जोडले आणि देवाचं नाव घेतलं. मला वाटलं शकू रडेल, नाहीतर दाजींवर भडकेल.

तसं काहीच झालं नाही. ती पोराला थोपटत बसून राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, तू तिकडं धर-धर म्हणत व्हतास... आन् मी हिकडं पाय सोडवायला जीव काढत व्हते. ह्या दोघी बी वढत व्हत्या. सुटला असता म्हंजी?"

ब्रेकबद्दल मला कुणी काही विचारावं आणि मी गप्प बसावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दाजी जागचे उठले. मावशीदेखत, माझ्यादेखत, ते वाकले आणि त्यांनी शकूच्या उजव्या पायावर हात ठेवला. शकू दचकली. "आवं, काय करताय हे! पाप लावताय व्हय मला?" म्हणाली. पण पाय तिनं मागं घेतला नाही.

दाजी अलीकडेच गेले — घरात, खाटेवर, नातवंडांच्या गराड्यात. या सगळ्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. पेडल, नळी, क्लिप, यातलं कुणी काही विचारलं तर मी झोपेतून उठून सांगेन. पाय माधवनगरात आणि पेडल साताऱ्यात, हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, माझ्यासाठी नाही, शकूसाठी. सत्तरी उलटली तिची, पण दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती अजून तेच विचारते. मी ताटात ओवाळणी टाकतो आणि खाली बघत बसतो.